चारही प्लग काळे

सोहना रोड, गुरुग्रामच्या पलीकडे
२६ डिसेंबर २०२४

लीलामावशी, जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन केला तर तुझं कानातलं मशीन शिट्टी मारतं. व्हॉट्सअ‍ॅप केला तर लुंबिनीताई आधी वाचते, मग तुला सांगते, आणि सांगताना निम्मं गाळते. हे तिने वाचायला नकोय. म्हणून आज सोहन्याच्या पोस्टात जाऊन पाकिटं आणली. पोस्टाबाहेर एकजण गाजराचा हलवा विकतो, वरून इतका मावा घालतो की गाजर शोधावं लागतं. ते असो.

ट्रॅक्टरचं सांगतो. तुला माहीत आहे की हे शेत नाही, लग्नाचं फार्महाऊस आहे. मालक अर्णव, ताईच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा भाऊ. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा असेल, दिवसभर कानात फोन. त्याच्या आजोबांचा एक जुना लाल विलायती ट्रॅक्टर आहे, पेट्रोलवर चालणारा, प्लगवाला. काका होते तेव्हा तुमच्या बीजफार्मवर होता तसलाच. अर्णवने तो रंगवून, पॉलिश मारून घेतलाय. हल्ली नवरदेवाला घोडी नको असते, वेगळं काहीतरी लागतं, तर नवरदेव ह्याच्यावर बसून येतो. चालवणारा मी. फेटा बांधून.

वसंत पंचमीला मोठं लग्न आहे, दुपारचं. त्या लोकांनी लॉन घेतलंच मुळी ट्रॅक्टरचा फोटो बघून. आणि मावशी, ट्रॅक्टर बंद पडतोय. मी आलो तेव्हा छान धडधडत होता. आता दहाएक मिनिटं चालतो, मग खोकतो, मग एका सिलिंडरवर लंगडतो आणि मेला. प्लग काढले की चारही काळे. पुसून घातले की परत चालू, परत काळे. मागच्या लग्नात गेटापाशी बंद पडला आणि नवरदेव बूट चिखलात घालत चालत गेला. बँडवाले वाजवत राहिले बिचारे. अर्णव मला म्हणाला, "वसंत पंचमी को ये नाटक हुआ ना, तो तू अपना बैग उठा लेना." म्हणजे कामही गेलं आणि वरची खोलीही गेली.

मला सतबीरचा संशय आहे. सतबीर म्हणजे इथला जुना ड्रायव्हर. माझ्याआधी हा ट्रॅक्टर तोच चालवायचा. अर्णवने त्याला जनरेटरवर टाकलं, कारण तो फोटोत हसत नाही. तेव्हापासून माझ्याकडे असा बघतो की जणू मी त्याच्या ताटातली भाकर उचलली. तो टाकीत काहीतरी घालत असणार. काय करू?

धम्मदीप

•

नोएडा, सेक्टर ६२
३१ डिसेंबर

धम्मा,

पत्र मिळालं. गेटवरच्या गार्डला सांगून ठेवलंय की पत्र माझ्याच हातात द्यायचं. त्याला वाटतं म्हातारीचं काहीतरी प्रकरण आहे. वाटू दे.

तू प्लगांचा रंग सांगितलास "काळे". काळं हा काही रंग झाला नाही. कोरडं काळं, काजळीसारखं, बोटाला लागणारं? की ओलं, चकचकीत, तेलकट? तुझे काका म्हणायचे, प्लग म्हणजे इंजिनाची जीभ, बाहेर काढून बघितल्याशिवाय औषध द्यायचं नाही. कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त जातंय. ओलं असलं तर तेल येतंय. आणि कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा हे लिहून ठेवलंस का? तू चारही एका डब्यात टाकून हलवले असशील, मला खात्री आहे. एकच काळा असता तर त्या एका सिलिंडरचं दुखणं. चारही काळे असले तर दुखणं वरचं, जिथून सगळ्यांना मिळून येतं तिथलं.

आता कर ते असं. प्लग पेट्रोलमध्ये भिजव, पितळी ब्रशने घास, उन्हात वाळव. थंडीत ऊन नसेल तर स्वयंपाकघरात तव्याच्या बाजूला ठेव, तव्यावर नाही. मधली फट बघायला तुझ्याकडे गेज नसेलच. लोखंड कापायच्या करवतीचं पातं घे, ते अलगद सरकलं पाहिजे, घासत नाही आणि सैलही नाही. मग चोक बघ. चोक ओढलेला राहिला तर इंजिनाचा श्वास कोंडतो. आणि वरातीत ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने चालतो ना? इंजिन गरमच होत नाही, काजळी जळत नाही. वरातीआधी त्याला अर्धा तास रस्त्यावर पळवून आण.

आता दुसरं. तुझ्या तोंडावर विचारलं असतं, पण तू समोर नाहीस. नागपूरच्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर बिघडला आणि तू निघालास. भोपाळला मोटर जळली आणि तू निघालास. पुण्यात काय बिघडलं ते तू सांगितलंच नाहीस. तुझं मन उठलं की आधी मशीन बिघडतं, असं मी बघत आलेय. चोक तूच तर ओढून ठेवत नाहीस ना? इथून निघायचा बेत असेल तर सरळ सांग, सतबीरच्या नावावर खपवू नकोस. लुंबिनीने तिच्या ऑफिसात तुझ्यासाठी शब्द टाकलाय, आणि मी तिला म्हटलंय की हे शेवटचं. नंतर हिंगणघाटला जिनिंगवर जायचं.

तुझी मावशी
लीलाबाई

•

सोहना रोड
६ जानेवारी २०२५

मावशी,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कागदच उचलला नाही. चोक मी ओढून ठेवतो? मला इथे बरं वाटतंय. खोलीतून अरवलीचा एक तुकडा दिसतो. इमारती उगवतायत त्यांच्या मधून दिसतो, पण दिसतो. मोर येतात. एक मोर जनरेटरच्या टपावर बसतो आणि सतबीर त्याला शिव्या देतो, ते ऐकायला तरी मी राहीन. पुण्याचं परत कधी विचारू नकोस.

तू सांगितलं ते सगळं केलं. हो, प्लग एका डब्यातच होते. आता फळीवर खडूने आकडे टाकून ओळीने ठेवतो. ब्रश केला, करवतीचं पातं घातलं, दोन नंबरची फट सैल होती ती ठोकून नीट केली. चोक पूर्ण उघडा, मी तार बांधून टाकली उघडाच राहावा म्हणून. शुक्रवारी त्याला सोहन्याच्या दिशेने पळवला. काय चालला मावशी. मला इतकं छान वाटलं की मी दमदम्याच्या तळ्यापर्यंत गेलो, तिथे पाणकोंबड्या बघत बसलो, परत यायला उशीर झाला म्हणून अर्णव ओरडला. येताना मात्र काही नाही, मस्त.

रविवारी सकाळी सुरू केला. पाच मिनिटांत खोकला. प्लग काढले, चारही काळे. आणि हो, ओले. चकचकीत. तुझं बरोबर, तेल आहे.

म्हणजे कुणीतरी टाकतंय. मी टाकीच्या झाकणावर पीठ भुरभुरवलं होतं, कुणी उघडलं तर कळावं म्हणून. पीठ जसंच्या तसं. मग मी विचार केला की सतबीरने पीठ परत टाकलं असणार, त्याला स्वयंपाकघर खुलं आहे. आता झाकणाला केस चिकटवलाय.

आणखी एक. इथे अर्णवची आजी आहे, चंद्रप्रभा दादी. सगळ्या फार्महाऊसवर राहणारं घरचं माणूस असं तेवढंच, बाकी स्टाफ. सकाळी उन्हात खुर्ची टाकून मटार सोलते आणि मला मेथीचे पराठे देते, वर पांढरं लोणी. पण देताना विचारते, "पूरा नाम क्या है तेरा?" मी म्हणतो, धम्मदीप. "आगे?" मी म्हणतो, दादी, लोणी अजून आहे का. रोज विचारते. पराठा देते आणि बघत राहते, की हा खातो कसा. अर्णव तिला गुरुग्रामच्या फ्लॅटवर न्यायला बघतोय, सतराव्या मजल्यावर. ती नाही म्हणते. म्हणते तिथून जमीन दिसत नाही.

आणि ह्या ट्रॅक्टरचा धूर आला की मला भूक लागते. खरंच. अगदी पकोडे तळल्यासारखा वास. समोरच्या केटररचं किचन असेल. मी सुरू करायच्या आधी खाऊन घेतो आता.

सतबीरला पकडलं की लिहितो.

धम्मा

•

नोएडा
१० जानेवारी

धम्मा,

पुण्याचं नाही विचारत.

ओलं निघालं, बरं झालं कळलं. आता नीट वाच. इंजिनाचं तेल जळलं तर निळा धूर येतो आणि वास जळक्या रबरासारखा, डोळे चुरचुरतात. पकोड्याचा वास येत नाही. मी इथे दोन वर्षं राहतेय, आमच्या मजल्यावर समोर एक बिहारी कुटुंब, बाजूला एक दिल्लीचंच. संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये तोच वास असतो. ते मोहरीचं तेल आहे. तुला आपल्याकडे कधी माहीत नव्हतं म्हणून तू केटररचं किचन म्हणतोस. ट्रॅक्टर बंद असताना येतो का तो वास? ते बघ आधी.

आणि तेल टाकीतूनच यायला हवं असं नाही. बॉनेटच्या बाजूला एक उभा पाईप असेल, हवा आत घ्यायचा. त्याच्या तळाशी एक वाटी असते, क्लिपांनी लावलेली. त्या वाटीत थोडं तेल असतं, आखून दिलेल्या रेघेपर्यंत. हवा त्या तेलावरून जाते, धूळ तिथे अडकते. वाटी रेघेच्या वर भरली की इंजिन हवेबरोबर तेलही ओढतं, आणि मग चारही प्लगांचं तोंड काळं. हे मी वरचं दुखणं म्हणत होते. वाटी उघड. पाईपावर टोपी आहे का तेही बघ.

कुणाचंही नाव घेऊ नकोस तोपर्यंत. झाकणाला केस चिकटवणारा माणूस स्वतःच संशयास्पद दिसतो. सतबीरने तुझं काय वाकडं केलंय? बघतो म्हणून? बघू दे. तूही बघतोसच की.

दादी पूर्ण नाव कशासाठी विचारते ते तुलाही कळतं आणि मलाही. सांग किंवा नको सांगू, पण लोण्यावर ढकलू नकोस. ते जास्त खटकतं.

मावशी

•

सोहना रोड
१९ जानेवारी

मावशी,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. एक दिवस उशीर झाला. मंगळवारी, लोहड़ीचा सण उरकल्यावर, अर्णवने सगळ्यांना लॉनवर बोलावलं आणि विचारलं की ट्रॅक्टरचं काय. मी सतबीरचं नाव घेतलं. सगळ्यांसमोर. म्हटलं, ये तेल डालता है.

 सतबीरने बिडी विझवली, कानावर ठेवली. मग अर्णवकडे बोट दाखवून म्हणाला, "छोरे, इस ट्रैक्टर पे मैंने इसके बाप को बिठा के बारात निकाली थी. मैं इसमें तेल डालूँगा?" अर्णव म्हणाला, वसंत पंचमीपर्यंत मला खरं काय ते पाहिजे, नाहीतर सतबीर, तुम भी देख लेना. म्हणजे आता दोघांच्याही बॅगा दारात.

बुधवारी तुझं पत्र वाचलं आणि वाटी उघडली. पाईपाला टोपी नाही, तोंड उघडं. वाटी काठोकाठ. वर पिवळं तेल, खाली काळा गाळ. बोट घालून नाकाला लावलं. मोहरीचंच. आणि तो वास फक्त ट्रॅक्टर चालू असतानाच येतो, मी बघितलं, केटररचं किचन त्या दिवशी बंद होतं. मी वाटी ओतली, पेट्रोलने धुतली, रेघेपर्यंत इंजिनाचं तेल घातलं, प्लग पुसले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, ट्रॅक्टर मांजरासारखा गुरगुरत होता.

काल शनिवार. मी शेडच्या मागे बसलो होतो, सतबीर येईल म्हणून. हातात वीट पण घेतली होती, कशासाठी माहीत नाही. उन्हं वर आली होती. दादी आली. शाल, हातात स्टीलची कटोरी. इकडे तिकडे बघितलं. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली आणि कटोरी पाईपात उपडी केली. तोंड पदराने पुसलं. पाईपाचं तोंड, स्वतःचं नाही.

तुला दिल्लीत दिसलं असेल, शनिवारी सिग्नलवर लोखंडी डब्यात तेल घेऊन मुलं फिरतात, लोक त्यात नाणं टाकतात. शनीला मोहरीचं तेल आणि लोखंड. तसंच हे. पण अर्णवने बॉनेटला हात लावायला बंदी केलीय, पॉलिशवर डाग पडतो. म्हणून तिने अशी जागा शोधली जिथे डाग दिसत नाही.

मी समोर गेलो. वीट खाली ठेवली आधी. म्हटलं, "दादी, ये कब से?"

ती लपवाछपवी करत नाही, हे एक आवडलं. म्हणाली, "जिस हफ़्ते तू आया उसके बाद से."

"मेरे आने से क्या?"

"तेरा ग्रह भारी है. तू आया, उसी दिन जनरेटर जला. फिर मेरी कमर गई. नाम पूछो तो आधा बताता है. जो आदमी आधा नाम बताए उसके पीछे कुछ तो होता है. मेरे पोते के ट्रैक्टर पे तू बैठता है, तो मैंने सोचा लोहे को तेल दे दूँ, अनर्थ न हो."

मी म्हटलं, आम्ही शनी मानत नाही. आमच्या घरात तसलं काही नाही.

"तू मत मान. वो तो तुझे मानते हैं."

आणि मग विचारलं, पराठा खाएगा? मी खाल्ला, मावशी. भूक लागली होती.  म्हणजे बघ, माझा संशय सतबीरवर, अर्णवचा दोघांवर, तुझा माझ्यावर. आणि हिचा माझ्यावर होता म्हणून तेल, आणि तेल होतं म्हणून बाकी सगळे संशय. मी आलो म्हणून बिघडला हे खरंच निघालं की.

आता मी वाटी दर रविवारी गुपचूप ओतू शकतो. कुणाला काही कळणार नाही. पण सतबीरचं नाव मी घेतलंय आणि ते अजून हवेत आहे. सांग काय करू. लवकर लिही, स्पीड पोस्टने.

धम्मा

•

नोएडा
२३ जानेवारी

धम्मा,

ह्यात विचारण्यासारखं काय आहे? सतबीरचं नाव तू सगळ्यांसमोर घेतलंस, सगळ्यांसमोर परत घे.

शनिवारी ती परत ओतेल. रविवारी-सोमवारी वाटी काढ, तशीच भरलेली, अर्णवच्या समोर धर, वास घ्यायला लाव. डोळ्यांनी बघितलेलं आणि नाकाने हुंगलेलं नाकारता येत नाही. दादीचं वाईट बोलू नकोस. भाव चांगला होता पण जागा चुकली, एवढंच म्हण. पाईपाला टोपी आणून बसव, आणि तिला शेडच्या दारात एक जुना नांगराचा फाळ पुरून दे, लोखंडच हवंय ना. अर्णव शिकलेला आहे, हसेल आणि सोडून देईल.

माझा तुझ्यावर संशय होता हे खरं. आता नाही, असं लिहिणार होते. पण तू शेडमागे वीट घेऊन बसलास हे वाचून थोडा परत आला.

मावशी

•

पानिपत
३० जानेवारी

मावशी,

पत्त्यावरून कळलं असेल. बॅग उचलली.

तू लिहिलं तसंच केलं, एक अक्षर इकडे तिकडे नाही. मंगळवारी सकाळी अर्णव शेडमध्ये आला तेव्हा मी वाटी काढली. काठोकाठ, वर पिवळं. तिच्यात त्याचं तोंड दिसत होतं. म्हटलं, सूँघो. त्याने हुंगलं. सतबीर, दोन माळी, लाईटवाला, सगळे उभे. मी म्हटलं, मी सतबीरजींचं नाव घेतलं ते चुकीचं होतं. हे दादी टाकतात, चांगल्या भावनेने, जागा चुकली.

अर्णव हसला नाही.

"पहले सतबीर," तो म्हणाला. "अब मेरी दादी. कल मेरा नाम लेगा?"

मी म्हटलं, दादींना विचारा.

दादी तिथेच उन्हात होती, मटार घेऊन. अर्णवने विचारलं, "दादी, आपने ट्रैक्टर को हाथ लगाया?" त्याचा आवाज असा होता, मावशी, की हो म्हटलं असतं तर सतरावा मजला. मला त्या क्षणी कळलं ते. तुला पत्रात कसं कळणार होतं. ती म्हणाली, "मैं क्यों लगाऊँगी?" माझ्याकडे बघितलं नाही. शेंग फोडत राहिली. फोडलेलीच परत फोडत होती.

अर्णव म्हणाला, किचनमधून तेल घेणारा तूच, वाटी कुठे असते हे माहीत असणारा तूच, तू आल्यापासून बिघडलं, अजून काय पाहिजे. लग्नात सतबीर चालवेल. दुपारपर्यंत खोली रिकामी कर.

मी म्हटलं, वाटी उघडी आहे, बसवून जातो. तो फोनवर लागला होता, हाताने म्हणाला, कर. वाटी परत लावली, क्लिपा बसवल्या, हात पुसले आणि निघालो. सतबीर गेटपर्यंत आला.  बिडी दिली. मी ओढत नाही, पण घेतली.

इकडे पानिपतला का, तर बस आधी हीच आली. काला अंबला, पानिपतच्या लढाईच्या स्मारकापाशी, जाऊन बसलो. साताऱ्याहून आलेल्या एका सहलीच्या बाया होत्या, मी मराठी बोललो तर त्यांना इतका आनंद झाला की डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी. एक बाई विचारते, तू इथलाच का, त्या वेळच्या मराठ्यांपैकी मागे राहिलेला? मी म्हटलं, हो, मीच शेवटचा. ती फोटो काढायला लागली. आता जुन्या कपड्यांच्या धाग्याच्या कारखान्यात लागलोय, मशीनवर तेल द्यायचं काम आहे, हसू नकोस.

ताईला मी फोन केला नाही. तिला कळलंच असेल.

धम्मदीप

•

नोएडा
६ फेब्रुवारी

धम्मा,

लुंबिनीला कळलं. तिची मैत्रीण तिला काय काय बोलली ते मी लिहीत नाही. दोन दिवस ती घरात माझ्याशीही नीट बोलत नव्हती, कारण तुझ्यासाठी शब्द टाकायला मीच लावलं होतं.

काल तिने मला फोनवर व्हिडिओ दाखवला. वसंत पंचमीची वरात. लाल ट्रॅक्टर, पिवळी फुलं, नवरदेव, सीटवर मिशीवाला माणूस, न हसता. गेटापासून मांडवापर्यंत एकदाही खोकला नाही. लुंबिनी म्हणाली, "बघ आई. तो गेला आणि पाचव्या दिवशी ट्रॅक्टर ठणठणीत. आता तरी मान." तिच्या ऑफिसात, फार्महाऊसवर, सगळीकडे हेच. पुरावाच झाला म्हणे. दादीसुद्धा म्हणाली असेल की ग्रह गेला. तू नाहीस म्हणजे तिलाही तेल ओतायचं कारण उरलं नाही.

मीही मानलं. तुला खोटं का सांगू. रात्रीचं जेवण होईपर्यंत मीही मानलं होतं, की हा पोरगा मला पत्रांतून गोष्ट सांगत होता.

मग भांडी घासताना हात थांबला. मंगळवारी वाटी काठोकाठ होती असं तू लिहिलंस. अर्णवने हुंगली, सगळ्यांनी बघितली. दादीने शनिवारी ओतलं नाही, मान्य. पण आधीचं तेल वाटीत होतंच ना? ते कुठे गेलं? तेवढ्यावर ट्रॅक्टर मांडवाच्या निम्म्या वाटेपर्यंतही पोचला नसता. सतबीर वाटी उघडणारा नाही, त्याला गरज नव्हती, त्याच्या लेखी ते तुझं काम. अर्णवला क्लिप कुठे असते हे माहीत नाही.

तू लिहिलंस, वाटी परत लावली. रिकामी की भरलेली ते लिहिलं नाहीस. तू हलव्यावर मावा किती ते लिहितोस, दशमीबरोबर चटणी कुठली ते लिहितोस, आणि हे गाळतोस?

भरलेली तशीच लावली असतीस तर लग्नात, सगळ्या पाहुण्यांसमोर, तू तिथे नसताना बंद पडला असता. मग अर्णवला तुझं म्हणणं पटलं असतं, लुंबिनीची मान खाली गेली नसती, आणि मीही जेवणापर्यंत का होईना, तुला खोटा ठरवला नसता. तुला हे कळत नव्हतं असं म्हणू नकोस.

सरळ उत्तर लिही.

मावशी

•

पानिपत
११ फेब्रुवारी

मावशी,

रिकामी केली. शेडमागे ओतली, धुतली, रेघेपर्यंत चांगलं तेल घातलं, चारही प्लग पुसून आकड्याप्रमाणे बसवले. अर्णव फोनवरच होता, पाठमोरा.

कळत होतं मला. वाटी हातात धरून बराच वेळ उभा होतो. तशीच लावली असती तर मी खरा ठरलो असतो.

पण सीटवर सतबीर असता ना.

धम्मा